किरणांना नावं वाचता येत नाहीत म्हणे!

ध्वनिकीचे सल्लागार चहाला जमले की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो, आणि तो मांडणारा माणूस सहसा हुशार असतो. त्याचं म्हणणं असं, की आवाजाच्या संगणकी मॉडेलमधल्या वस्तूंना नावं देणं, त्यांचे गट पाडणं, त्यांच्यापाशी टिपा लिहून ठेवणं हे कारकुनी काम आहे. नवख्या पोराला बसवावं, वेळ उरला तर करून घ्यावं. सॉफ्टवेअरचं गणित चालतं भूमितीवर आणि आकड्यांवर. ध्वनिकिरण भिंतीवर आदळतो, थोडी ऊर्जा तिथे टाकतो आणि पुढे जातो. भिंतीचं नाव ‘रंगमंचाची डावी भिंत’ आहे की ‘फेस १०४७’, याच्याशी किरणाला काय देणंघेणं?

ऐकायला बिनतोड आहे, आणि किरणापुरतं खरंही आहे. पण किरण सोडण्याआधी कुणीतरी वाचत असतं, आणि उत्तर हाती आल्यावर पुन्हा कुणीतरी वाचतं. मॉडेल चुकतं ते बहुधा या दोन वाचनांत. मधलं गणित यंत्र करतं आणि ते सहसा बरोबरच करतं.

ही सॉफ्टवेअरं ढोबळमानाने दोन कुळांतली. सभागृहाच्या आतला आवाज मोजणारी ओडिऑन, कॅट-ॲकॉस्टिक, ईझ ही एक. रस्ते, रेल्वे, कारखाने यांचा बाहेरचा गोंगाट मोजणारी साउंडप्लॅन, कॅडना-ए, नॉइजमॉडेलिंग ही दुसरी. दोन्हीकडे नाव ही शोभेची पाटी नसून हातात धरायची मूठ आहे. कॅटमध्ये खोलीची भूमिती साध्या मजकुराच्या फाइलीत लिहितात. प्रत्येक पृष्ठभागाच्या ओळीत त्याचा क्रमांक, नाव, कोपऱ्यांचे क्रमांक आणि शेवटी मटेरियलचं नाव. म्हणजे भिंत आणि तिचा शोषणगुणांक (ती किती आवाज शोषते तो आकडा) यांना जोडणारा दुवा हा चक्क एक शब्द असतो. स्केचअपमधून आणलेल्या मॉडेलमध्ये ते काम लेयर करतो. (त्याला तिथे २०२० पासून टॅग म्हणतात, पण सवय कुणाची सुटली आहे?) एका लेयरवरच्या सगळ्या पृष्ठभागांना एका झटक्यात मटेरियल द्यायचं, हीच तर सोय. छताचे चार तुकडे चुकून भिंतीच्या लेयरवर राहिले, तर त्यांना भिंतीचा गुणांक लागतो. किरण बिचारा तो निमूटपणे पाळतो, आणि कुठलाही इशारा येत नाही. कॅडना-एमध्ये वस्तूच्या आयडीवरून गट बनतात. आयडीचा ठरावीक नमुना आणि पुढे एक तारका लिहिली की तशा सगळ्या वस्तू गटात येतात, आणि आराखड्याच्या प्रत्येक पर्यायात तो गट चालू ठेवायचा की बंद, हे ठरवता येतं. आयडी लिहिताना एक अक्षर चुकलेला पंखा ‘प्रस्तावित’ गटातून गळतो आणि ‘सध्याची स्थिती’ या पर्यायातही घोंघावत राहतो. सल्लागार मग सध्याची स्थिती म्हणून अर्धं भविष्य सादर करतो.

यावर उत्तर येतं, की अनुभवी नजरेला असल्या चुका दिसतात. काही दिसतात. ज्या दिसत नाहीत त्यांच्यासाठी एक हिशेब मांडतो. प्रसंग कल्पित आहे, आकडे नेहमीच्या पट्ट्यातले.

समजा भोसरीत किंवा नाशिकच्या अंबडमध्ये औद्योगिक वसाहतीला लागून निवासी इमारत आहे. कारखान्यात एक जनरेटर, मालट्रकांची ये-जा आणि गच्चीवर एकसारखे ८ कूलिंग टॉवर. इमारतीच्या खिडकीपाशी जनरेटरचे ४४ डेसिबल पोचतात, ट्रकांचे ४० आणि प्रत्येक टॉवरचे ३९. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी क्षेत्रात रात्रीची मर्यादा ४५. सॉफ्टवेअर एकूण ५०च्या आसपास दाखवतं, म्हणजे ५ डेसिबल उतरवायचे आहेत. कुठून?

गट न पाडलेल्या मॉडेलमधून आवाजाच्या उगमांची उतरती यादी काढली, तर जनरेटर डोक्यावर, त्याखाली ट्रक आणि तळाशी टॉवरांच्या ८ ओळी. यादी पाहून कुणीही जनरेटरकडे बोट दाखवेल. पण तो समूळ उचलून नेला तरी एकूण पातळी ४८.७ वर येते. लाखो रुपयांत हाती लागतो जेमतेम १.३ डेसिबल. आता तेच ८ टॉवर एका गटात घाला. गटाची बेरीज ४८. यादीच्या तळाशी बसलेली मंडळी एकदम डोक्यावर. टॉवरांना ६ डेसिबलचा उतार दिला की एकूण ४७ वर येतं. टॉवर ७ ने आणि जनरेटर ६ ने उतरवला, तर ४४.६. प्रश्न सुटला. दोन्ही मॉडेलांत भूमिती तीच आणि आकडे तेच. किरणांच्या दृष्टीने ती एकच आहेत. फरक पडला तो मालकाने पैसे कुठे घालायचे यात.

आठ टॉवर डोळ्यांनी मोजता येतात, हे मान्य. पण खऱ्या कारखान्यात शेकडो उगम असतात: झडपा, पंखे, धुराडी, पत्र्याच्या भिंतीतून झिरपणारा आवाज. त्यांची नावं सॉफ्टवेअरने आपोआप दिलेली असतील, तर कुठली नजर काय जुळवणार? शिवाय एकच उगम एकापेक्षा जास्त प्रश्नांसाठी लागतो. हा पंखा कोणत्या जातीचा, हा एक प्रश्न. रात्री चालतो का, हा दुसरा. जुना की नव्या विस्तारातला, हा तिसरा, आणि शेजाऱ्यांशी वाद झाला तर तोच सगळ्यात महागात पडतो. गट पाडणाऱ्याला हे प्रश्न आधी सुचावे लागतात. नवख्या पोराला ते सुचत नाहीत, आणि सुचावेत अशी अपेक्षाही नाही. म्हणून हे काम ‘कारकुनी’ म्हणून त्याच्यावर ढकलणाऱ्याने मॉडेलमधला विचाराचा भागच त्याच्यावर ढकललेला असतो. गटांचे स्वतःचे धोके आहेतच. एकच पंखा दोन गटांत आला आणि कुणी गटांच्या बेरजा एकमेकींत मिळवल्या, तर तो दोनदा मोजला जातो. नकाशा दोनदा आयात होऊन एकाच जागी दोन पंखे बसले, तरी तेच. दोन समान उगमांची बेरीज ३ डेसिबल जास्त, आणि पडद्यावर मात्र ठिपका एकच दिसतो. हे पकडण्याचा सोपा मार्ग म्हणजे वस्तूंची यादी नावानुसार लावून पाहणं. नावं असतील तर.

आता आतल्या ध्वनिकीकडे येऊ, कारण तिथे पुरावा जास्त जुना आणि जास्त बोचरा आहे. १९९५ साली मिखाएल फोरलेंडर यांनी सभागृहांच्या सॉफ्टवेअरची पहिली आंतरराष्ट्रीय तुलना प्रसिद्ध केली. खोली होती जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या राष्ट्रीय मापनसंस्थेचं व्याख्यानगृह, सुमारे १८०० घनमीटरचं. भाग घेणारे १६. पहिल्या फेरीत त्यांना आराखडे दिले आणि पृष्ठभागांचं शब्दांत वर्णन दिलं. गुणांक ज्याने त्याने ठरवायचे. दुसऱ्या फेरीत सगळ्यांना तेच गुणांक पुरवले. पहिल्या फेरीत उत्तरं लांब लांब विखुरली, दुसरीत ती एकमेकांजवळ सरकली. सॉफ्टवेअरं दोन्ही वेळा तीच होती. बदललं काय, तर ‘हा पृष्ठभाग म्हणजे नेमकं काय’ या प्रश्नाचं उत्तर.

माझे प्रतिपक्षी इथे लगेच दुसरं बोट दाखवतील: दुसऱ्या फेरीनंतरही निःशंक विश्वास ठेवावा अशी सॉफ्टवेअरं तीनच निघाली, म्हणजे दोष गणितात होताच की! होता. बऱ्याच सॉफ्टवेअरांत आवाजाचं विखुरणं धरलेलंच नव्हतं. सगळ्या भिंती आरशासारख्या. ती तिन्ही सॉफ्टवेअरं विखुरणं धरत होती. पण हे मान्य करून प्रतिपक्षाची बाजू बळकट होत नाही. विखुरण्याचा गुणांक गणितात आल्यावर प्रत्येक पृष्ठभागाला शोषणाखेरीज आणखी एक आकडा द्यावा लागला. तो मोजण्याची पद्धत सांगणारं मानक, आयएसओ १७४९७ चा पहिला भाग, २००४ साली आलं. तरीही रोजच्या कामात तो आकडा वस्तू ओळखूनच दिला जातो: प्रेक्षकांनी भरलेल्या खुर्च्या असतील तर ०.७ च्या आसपास, मोठी गुळगुळीत भिंत असेल तर अगदी थोडा. गणित सुधारलं तसं वस्तूच्या ओळखीवरचं ओझं वाढलं.

‘लाकूड’ हा एकच शब्द घ्या. मागे हवेची पोकळी ठेवून ठोकलेली पातळ फळी १२५ हर्ट्झला सहज ०.३ शोषते. तेच लाकूड विटांच्या भिंतीवर चिकटवलं तर ०.०५ सुद्धा जेमतेम. दोन्हींचा फोटो सारखा, आराखड्यातला रंग सारखा, लेयरचं नाव ‘वुड’. ४००० घनमीटरच्या नाट्यगृहात अशी २०० चौरस मीटर भिंत असेल, तर ५० चौरस मीटर शोषण इकडचं तिकडे होतं. एकूण शोषण ४०० धरलं होतं ते खरं ३५० निघालं, तर सबीनच्या सूत्राने निनादकाल, म्हणजे आवाज थांबल्यावर तो ६० डेसिबल विरायला लागणारा वेळ, १.६१ सेकंदांवरून १.८४ वर जातो. कानाला ५ टक्क्यांचा फरक कळतो असं मानतात. हा १४ टक्क्यांचा आहे. ‘फळी, १२ मिलिमीटर, मागे ५० मिलिमीटर पोकळी, वास्तुविशारदाच्या तपशील-आराखड्यावरून’ एवढी टीप लिहायला लागतं अर्धं मिनिट. नटाचा खर्जातला आवाज गुरगुरायला लागल्यावर ती भिंत उकलायला किती वेळ लागतो, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

ते सूत्र ज्याच्या नावाने ओळखतात त्या वॉलेस सबीनचं वागणं या वादात मुद्दाम आठवण्यासारखं आहे. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने या तरुण शिक्षकाला फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहाचा निनाद सुधारायला सांगितलं. तो रात्री-अपरात्री सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या आणायचा, मोजून मांडायचा, ऑर्गनची नळी वाजवून किती वेळ ऐकू येतं ते टिपायचा. पुढे त्याच्या लक्षात आलं, की मोजणाऱ्याच्या अंगावरच्या कपड्यांनीही आकडे थोडे हलतात. आधीच्या नोंदींत कपड्यांचा उल्लेख नव्हता. त्याने त्या नोंदी सरळ रद्द केल्या आणि पुढचे प्रयोग एकाच ठरावीक पोशाखात केले. आकडे चुकीचे नव्हते. ते कशाचे आहेत हे सांगणारा एक रकाना कमी होता, आणि तेवढ्यावरून त्याने ते टाकून दिले. आजच्या ‘किरणाला काय कळतंय’ पंथाने त्याला नक्कीच वेड्यात काढलं असतं.

अलीकडे जुना युक्तिवाद नव्या वेषात आला आहे. नावं हवीत हे मान्य, पण ती माणसाने का द्यावीत? कृत्रिम बुद्धिमत्ता भूमिती पाहून ओळखेल: हे छत, हे दार, ही खुर्ची. वास्तुविशारदाच्या मॉडेलमध्ये हे बऱ्याच अंशी जमेलही. पण ध्वनिकीचं मॉडेल हे त्याचं लहान रूप नव्हे; ते जाणूनबुजून खोटं केलेलं असतं. १००० हर्ट्झची ध्वनिलहर साधारण ३४ सेंटिमीटर लांब. तिच्यापेक्षा बारीक नक्षी किरणांच्या गणितात काढली, तर उत्तर सुधारण्याऐवजी बिघडतं. म्हणून कोरीव खांब साधा चौकोनी करतात, जिन्याचा उतार करतात, आणि ६०० खुर्च्यांच्या जागी जमिनीवर एक बुटका ठोकळा ठेवतात, वरून आणि बाजूंनी प्रेक्षकांचा गुणांक लावून. त्या ठोकळ्याकडे पाहून यंत्राने काय ओळखावं? आकाराने तो चौथरा आहे. हा ठोकळा म्हणजे माणसं, आणि खुर्च्या रिकाम्या असताना याला दुसरा गुणांक लावायचा, हे फक्त त्याच्या नावात आणि टिपेत राहतं. आकारातली ओळख आपणच काढून घेतलेली असताना ती आकारातून परत मिळेल, ही आशा कशावर?

बाहेरच्या गोंगाटात वस्तू ओळखण्याचं काम सॉफ्टवेअरवर सोपवलं तर काय होतं, हे आपल्या रस्त्यांनी आधीच दाखवून दिलं आहे. युरोपच्या सामाईक पद्धतीत, म्हणजे क्नॉसॉसमध्ये, वाहनांचे वर्ग ठरलेले आहेत: हलकी, मध्यम जड, जड, दुचाकी आणि भविष्यासाठी मोकळा ठेवलेला पाचवा. पुण्याच्या रस्त्यावरची रिक्षा कुठे बसवायची? हलक्या मोटारीत घातली तर एक उत्तर, दुचाकीत घातली तर दुसरं, आणि पाचव्या वर्गात घालायची तर तिचे आकडे स्वतः मोजून आणावे लागतात. भोंग्याला तर त्या वर्गवारीत जागाच नाही. हा निर्णय कुणीतरी घेतच असतो. तो का घेतला हे मॉडेलमध्ये लिहिलेलं नसेल, तर पुढच्या माणसाला रिक्षा दिसतच नाही. दिसतात फक्त जरा जास्त झालेल्या मोटारी.

उरला प्रतिपक्षाचा सगळ्यात वजनदार मुद्दा. टिपा खोटं बोलतात, असं ते म्हणतात. मॉडेल बदलतं, टीप जुनीच राहते. ‘तात्पुरती भिंत’ असं नाव असलेली भिंत चार अहवालांत कायमची उभी असते. ‘फायनल २ नवीन’ नावाच्या गटात काय आहे हे त्याच्या जन्मदात्यालाही सांगता येत नाही. चुकीची टीप नसलेल्या टिपेपेक्षा वाईट, म्हणून टिपाच नकोत. यातलं निरीक्षण अचूक आणि निष्कर्ष आळशी आहे. सातबाऱ्यावर बोज्याच्या नोंदी शिळ्या राहतात, म्हणून ‘इतर हक्क’ हा रकाना न वाचता कुणी जमीन विकत घेतो का? शिळी टीप निदान तारीख दाखवते. तारखेवरून शंका घेता येते. कोऱ्या आकड्यावर शंका घ्यायला धरायचं कुठे?

यंत्रांच्या माहितीपत्रकातला ‘८५ डेसिबल’ हा आकडा पाहा. तो साउंड पॉवरचा, म्हणजे यंत्र बाहेर टाकतं त्या एकूण आवाजाचा आहे, की १ मीटरवरच्या साउंड प्रेशरचा, म्हणजे तिथे ऐकू येणाऱ्या पातळीचा? जमिनीवरच्या छोट्या उगमासाठी या दोहोंत ८ डेसिबलचा फरक पडतो. तोच आकडा १० मीटरवर मोजलेला असेल तर फरक २८. सॉफ्टवेअरच्या चौकटीत ८५ लिहिलं की ते निमूट घेतं. दोन वर्षांनी दुसऱ्या सल्लागाराने मॉडेल उघडलं, तर त्याच्यासमोर फक्त ८५ असतो: कुणाचा, कुठून आला, पूर्ण भारावर की निम्म्या, मोजलेला की मानलेला, काही नाही. तो चूक शोधू शकत नाही, आणि बरोबर असेल तर त्याची खात्रीही देऊ शकत नाही. म्हणून तो सगळं पुन्हा मोजतो, किंवा (हेच जास्त घडतं) डोळे मिटून पुढे वापरतो. टीप शिळी होऊ नये म्हणून ती लहान ठेवावी, तारीख घालावी, आणि आकडा बदलला की तीही बदलावी. एवढी शिस्त झेपत नसेल तर तसं सांगावं. तिला तत्त्वाचं नाव देऊ नये.

आणि मानकांचं काय, असं विचारणारेही भेटतात. आयएसओ १७५३४ चा पहिला भाग २०१५ मध्ये आला. बाहेरच्या आवाजाची वेगवेगळी सॉफ्टवेअरं एकच उदाहरण दिल्यावर एकच उत्तर देतात का, हे तपासायची चौकट त्याने घातली. उत्तम काम. पण ती परीक्षा गणित करणाऱ्या इंजिनाची आहे. त्यात उत्तीर्ण झालेल्या सॉफ्टवेअरात चुकीच्या गटातला पंखा टाका. ते चुकीचं उत्तर दशांश चिन्हापर्यंत बिनचूक देईल, आणि दुसरं उत्तीर्ण सॉफ्टवेअर त्याच्याशी तंतोतंत सहमत होईल.

वेळ आणि पैसा हा शेवटचा आक्षेप, आणि खरं तर बाकीच्या सगळ्यांचं मूळ. ग्राहक रंगीत नकाशाचे पैसे देतो, नावं लिहिण्याचे देत नाही. खरं आहे, पण असं का, हेही पाहा. आपण त्याच्या हातात पीडीएफ ठेवतो आणि मॉडेलची फाइल आपल्या कपाटात. आत काय आहे हे न दिसणाऱ्याने त्याची किंमत का मोजावी? युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशाप्रमाणे तिथल्या शहरांना ध्वनिनकाशे दर पाच वर्षांनी तपासून लागेल तिथे सुधारावे लागतात, म्हणून जुन्या मॉडेलमधली कोणती वस्तू कोणती, हा तिथे रोख पैशाचा प्रश्न होतो. आपल्याकडेही शहरांचे ध्वनिनकाशे होऊ लागले आहेत, मेट्रोचे मार्ग आणि उड्डाणपूल त्यांत दर वर्षी भर घालत आहेत. तेव्हा निविदेत दोन अटी घालायला हरकत नसावी: अहवालासोबत मॉडेलची फाइल द्यावी, आणि तिच्यातल्या प्रत्येक उगमाचा आयडी, गट, आकड्याचा आधार आणि तारीख असलेला तक्ता जोडावा. तक्ता नसेल तर शेवटचा हप्ता रोखावा. नावं द्यायला वेळ कुठून काढायचा, हे मग सल्लागार आपलं आपण शोधून काढतील.